आपल्या तळ्यात ऊद

३ मार्च, सोमवार. सकाळी, चहाच्या आधी.

आजपासून रोजनिशी नियमित. एकही दिवस चुकायचा नाही. मोठ्या कार्याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी, आणि गावात तेवढी शिस्त असलेला दुसरा माणूस दिसत नाही.

काल गावात वन्यजीव समिती स्थापन झाली. सभासद तीन. मी, शिंपी आणि शाळेच्या बाई. अध्यक्षपदी माझी एकमताने निवड. शिंपी त्या वेळी मशीनवर पायजमा शिवत होता आणि बाई वह्या तपासत होत्या, पण नाही कुणी म्हणालं नाही. बसमध्ये कंडक्टर होतो तेव्हाही माझा हाच नियम होता. कुणी ओरडलं नाही म्हणजे सगळे चढले.

कारण असं, की गावसभेचे चेअरमन तळं बुजवणार आहेत. तिथे ट्रक उभे करायला जागा करायची म्हणतात. महिनाअखेरच्या सभेत ठराव येणार. तळ्यात शेवाळ, जलपर्णी, डास आणि फुटके टायर. एवढ्या घाणीचा कुणाला काय उपयोग, असा त्यांचा सवाल.

माझा विरोध तत्त्वाचा आहे. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी तळ्यावर उघडते, याचा त्याच्याशी संबंध नाही. रिटायर झाल्यावर घर बांधलं तेव्हा हिला म्हटलं होतं, बाकी काही जमो न जमो, खिडकीतून पाणी दिसेल. ती तिथे बसून भाजी निवडते. ट्रकच्या मागच्या बाजूकडे बघत भाजी निवडायची म्हणजे काय. पण मुद्दा तत्त्वाचाच.

कुठेतरी वाचलं होतं, दुर्मिळ प्राणी राहत असला तर सरकार पाण्याला हात लावू देत नाही. तेव्हा दुर्मिळ प्राणी शोधणे. आठवडा पुरे.

ता. क. ही म्हणते, छपराखालच्या माळ्यावर काहीतरी धावतंय. उंदीर. रविवारी बघतो म्हटलं.

४ मार्च, मंगळवार.

पहिलं सर्वेक्षण. तळ्याभोवती एक फेरी. (अर्धी. पलीकडे चिखल आहे.)

आढळलेले जीव: बगळा एक. बेडूक, नुसता आवाज. चप्पल, डाव्या पायाची.

बगळा मला बघून उडून गेला. शिंप्याला सांगितलं तर म्हणे, बगळा कुठेही असतो, त्यात दुर्मिळ काय. म्हटलं, अरे, रोज असेल, पण उडून गेला की तेवढ्यापुरता दुर्मिळच की. त्याने सुईत दोरा ओवला. विज्ञानाची आवड नाही.

७ मार्च, शुक्रवार.

मधले दोन दिवस रोजनिशी राहिली. पेनातली शाई दाट झाली होती.

पण आजचा दिवस असा, की लाल शाईने लिहावा.

सकाळी दूधवाला म्हणाला, काका, पहाटे तुमच्या कुंपणाच्या भिंतीवरून उद गेलं. मी विचारलं, कसं होतं? काळपट, लांब शेपटाचं, बुटकं, असं म्हणून तो सायकलवर बसलासुद्धा. त्याला जगात कधी कुठे थांबायचं नसतं.

घरात येऊन शब्दकोश काढला. पुठ्ठा गेलाय, पण आतलं ज्ञान शाबूत. त्यात स्पष्ट दिलंय. ऊद: पाण्यात राहणारे, मासे खाणारे, मांजरासारखे जनावर.

आता सांगा. तळं समोर, भिंत तळ्याला लागून, आणि भिंतीवर ऊद. पाण्यातून बाहेर येऊन अंग वाळवत असणार.

मागच्याच पानावर ‘उदमांजर’ असाही एक शब्द होता. झाडावर, घरांच्या छपरात राहणारे वगैरे. आपल्या कामाचा नाही. पान उलटलं.

हिला आनंदाची बातमी दिली. ती म्हणाली, परसातल्या झाडावरची पिकलेली पपई कुणीतरी अर्धी खाल्ली आहे आणि माळ्यावर आता नुसतं धावणं नाही, धबाधबा उड्या आहेत. मी म्हटलं, मोठा उंदीर असेल. ज्या दिवशी नवऱ्याला ऊद सापडला त्या दिवशी बायकोने उंदराविषयी बोलावं, यालाच संसार म्हणतात.

९ मार्च, रविवार.

आज माळ्यावर चढणार होतो. शिडी बाहेर काढली. गुडघ्याने साफ नकार दिला. गुडघा डावा.

वेळ वाया जाऊ दिला नाही. ‘गावखबर’चा खास अंक लिहायला घेतला. महिन्यातून एकदा एक पान काढतो मी, नऊ वर्षं. गावाला माझ्या पानाशिवाय करमत नाही. शिंपी तर दर वेळी गठ्ठ्याने प्रती नेतो. शिकलेला नाही, पण वाचनाची भूक केवढी.

मथळा: आपल्या तळ्यात ऊद. खाली अग्रलेख. शेवटचं वाक्य लिहिताना मलाच भरून आलं.

हिने शिडी परत आत नेऊन ठेवली. ठेवताना जरा जास्तच आपटली.

१२ मार्च, बुधवार.

अंक निघाला. वाटूनही झाला. मग वाचला.

टाइप करून देणाऱ्या मुलीच्या कॉम्प्युटरला म्हणे ‘ऊद’ हा शब्द पसंत नव्हता. त्याने आपण होऊन सुधारणा केली. मथळा असा छापून आलाय:

आपल्या तळ्यात उंट.

अग्रलेखातही सगळीकडे उंटच. ‘हा लाजाळू उंट पहाटे हळूच पाण्यातून डोके वर काढतो.’ ‘उंट वाचला तर तळे वाचेल.’

शिंप्याने दुकानातून हाक मारून विचारलं, काका, उंट पोहायला कधीपासून लागला? मी सांगितलं, मुद्रणदोष आहे. तो म्हणाला, एवढा मोठा दोष तळ्यात मावला कसा?

अशा माणसांना समितीत ठेवावं की नाही, याचा विचार करणे.

१६ मार्च, रविवार.

माणसाचं चुकलं तरी हेतू शुद्ध असेल तर निसर्ग मदत करतो.

तीन दिवस तळ्यावर गर्दी. आजूबाजूच्या वस्त्यांवरून माणसं उंट बघायला आली. उंट नव्हता. मग जे होतं ते बघितलं: टायर, बाटल्या, जलपर्णी, मोडकी खुर्ची. एका पाहुण्या बाईने नाकाला पदर लावून शाळेच्या बाईंना विचारलं, तुम्ही इथेच राहता का? बाईंना ते लागलं. त्यांनी आज सकाळी दोऱ्या, टोपल्या, फावडी गोळा करून सगळ्यांना बोलावलं, आणि निम्मा गाव आला.

मी वडाखाली खुर्ची टाकून नियोजन केलं. ‘पुढे सरका, पुढे सरका, मागच्यांना जागा द्या’ ही माझी नोकरीतली सूचना आजही लागू पडते. फक्त दोघेजण सरकताना पाण्यात पडले.

ही साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरली आणि जलपर्णीचे भारे ओढत राहिली. मी काठावरून म्हटलं, जपून, ऊद घाबरेल. तिने माझ्याकडे बघितलं. मी वडाखालच्या खुर्चीकडे परतलो.

माळ्याचं राहिलं. समाजकार्यापुढे घरचं मागे पडतंच.

२० मार्च, गुरुवार.

तळं ओळखू येत नाही. मधोमध आकाश दिसतं. गावकरी संध्याकाळी आपले आपण येऊन आणखी थोडं थोडं काढतात. माझ्या अग्रलेखाचा परिणाम.

आज ठोस पुरावा मिळाला. भिंतीवर विष्ठा. काडीने तपासली. आत पपईच्या बिया.

बसून विचार केला. ऊद मासे खातो, मग बिया कुठून? उत्तर मिळालं. तळ्यात मासे उरलेले नाहीत. बिचारा फलाहारावर आला आहे. शाकाहारी ऊद ही बहुधा जगातली पहिली नोंद. वनखात्याला सविस्तर कळवलं. पुराव्याचा फोटोही पाठवला. बिया मोजायला शिंप्याला बोलावलं होतं, तो हात धुवायला म्हणून गेला आणि आलाच नाही.

दुपारी घरात मऊ भाताचा छान वास सुटला होता. हातपाय धुऊन पानावर बसलो. बराच वेळ बसलो. ही बाहेरून भाजी घेऊन आली. चूल पेटलीच नव्हती. वास कुठून येतोय विचारलं, तर तिने वर बोट दाखवलं. भुकेने माणसाला भास होतात, हे खरं. पण दोघांना एकच भास?

संध्याकाळी हिचा शिवायला टाकलेला ब्लाउज आला. गळ्याच्या घडीत एक कागद राहिला होता. माझा मागच्या महिन्याचा अग्रलेख, गळ्याच्या मापाने गोल कापलेला. शिंप्याच्या वाचनाविषयी वर जे लिहिलंय ते तूर्त मागे घेतो.

२३ मार्च, रविवार. रात्रीच्या जेवणाआधी.

दिसला.

नाही, थांबा. क्रमाने लिहितो.

मावळतीला दुर्बीण घेऊन काठावरच्या बोरूच्या झुडपांच्या आडोशाला बसलो. डोळा लागला असेल, दोन मिनिटं. जागा झालो तो पाण्यात हालचाल. दुर्बीण लावली. काळंभोर डोकं, ओलं, चकचकीत. नाकाखाली भरघोस मिशा. फूत्कार टाकून बुडी मारली आणि पार दुसऱ्या टोकाला वर आलं. देहाने बराच मोठा. नर असावा.

दुर्बीण गळ्यात अडकवली. हलक्या पावलाने जाऊन शिंप्याला, शाळेच्या बाईंना आणि रस्त्यावर भेटतील त्यांना घेऊन आलो. तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना बोरूमागे बसवलं. ऊद आमच्याच दिशेने आला. उथळ पाण्यात उभा राहिला.

चेअरमन होते. अंगावर फक्त पंचा.

ते म्हणाले, लहानपणी इथेच पोहायला शिकलो, पाणी स्वच्छ दिसलं म्हणून राहवलं नाही, तीन दिवस झाले येतोय. मग विचारलं, एवढी माणसं बोरूमागे काय करताय? शाळेच्या बाई म्हणाल्या, वन्यजीव बघतोय. आणि तोंडावर पदर घेऊन वळल्या.

निरीक्षणात थोडी घाई झाली. पण मिशांच्या बाबतीत साम्य आहे, हे कुणीही मान्य करील.

२७ मार्च, गुरुवार.

वनखात्याच्या बाई आल्या. तरुण, पायात जाड बूट, बोलणं कमी. मी समितीचा अध्यक्ष म्हणून त्यांचं स्वागत केलं आणि ‘ऊद: एक शाकाहारी जीवन’ या विषयावर थोडं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. तळ्याला फेरी मारली, पूर्ण, चिखलासकट. भिंत बघितली. पपईचं झाड बघितलं. मग भिंतीवरून झाडावर, झाडावरून आमच्या छपरावर, अशी त्यांची नजर हळूहळू चढत गेली, आणि त्यांनी शिडी मागितली.

हिने शिडी दारामागेच तयार ठेवली होती.

बाई चढल्या. ही चढली. मग मलाही चढावं लागलं. गुडघ्याने ऐन वेळी मदत केली.

माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेवर माझा खाकी कोट पसरला होता. नोकरीतला. धोब्याने हरवला असं मी हिला सांगितलं होतं. खरं म्हणजे टाकवेना म्हणून वर लपवला होता. त्या कोटाच्या बाहीत तीन पिल्लं झोपली होती, एकमेकांच्या पोटात तोंडं खुपसून. शेजारी त्यांची आई. काळपट, लांब शेपटाची, बुटकी. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं बिनतिकिटाच्या माणसाकडे मी बघायचो. आणि सगळीकडे तो भाताचा वास.

खाली आल्यावर बाईंनी शांतपणे समजावलं. ऊद तो पाण्यातला. हे उदमांजर. गावाकडे दोघांनाही तोंडी नुसतं ‘उद’ म्हणतात, गफलत होते. याच्या अंगाला असा वास येतो. हे फळं खातं, उंदीर खातं आणि माळ्यावर राहतं. यालाही कायद्याचं संरक्षण आहे. पिल्लं मोठी होऊन आपण होऊन जाईपर्यंत माळ्याला हात लावायचा नाही. मी विचारलं, आणि कोट? म्हणाल्या, कोटालाही नाही.

मग तळ्याकडे बोट करून हळूच म्हणाल्या, इथे ऊद असल्याची खूण मला एकही दिसली नाही, तसंच लिहावं लागेल.

त्या गेल्यावर ही नुसती म्हणाली, “काखेत—”

म्हटलं, पुढचं येतं मला.

२९ मार्च, शनिवार.

उद्या सभा. झोप नीट नाही. वर चार जीव खेळतात हे एक कारण.

दुसरं असं. वनखात्याचा अहवाल यायला वेळ लागणार. गावात अजून कुणाला काही ठाऊक नाही. म्हणजे उद्या मी फक्त गप्प बसलो, तर ऊद आहे तसाच तळ्यात राहतो, आणि तळंही राहतं. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. मोठी माणसं मौन पाळतात. शिवाय मला विचारल्याशिवाय मी कशाला बोलू? बसमध्येसुद्धा ज्याने विचारलं त्यालाच सांगायचो, की गाडी तिकडे जात नाही.

हे सगळं हिला पटवून दिलं. ती खिडकीशी शेंगा मोडत होती. बाहेर पाण्यावर ऊन पडलं होतं. एवढं स्वच्छ पाणी त्या खिडकीतून आम्ही कधी बघितलं नव्हतं. ती मान वर न करता म्हणाली, “थापा मारून वाचवलेल्या पाण्याकडे बघत मला भाजी निवडायची नाही. मग ट्रक आले तरी चालतील.”

तिने जलपर्णीचे भारे ओढले ते हात अजून खरचटलेले आहेत. त्या हातांकडे बघून मौनाचा मुद्दा पुढे रेटता येईना.

तर ठरलं. उद्या उभं राहून गावाला खरं सांगायचं. पण असं सांगायचं, की ऐकणाऱ्याचे डोळे ओले झाले पाहिजेत. भाषण लिहायला घेतलं. दहा पानं झाली, अजून मुद्द्याला यायचंय.

३० मार्च, रविवार.

सभा शाळेच्या हॉलमध्ये. मी वेळेच्या आधी पोचलो आणि बाहेर व्हरांड्यात भाषणाची तालीम केली. ‘बंधूंनो आणि भगिनींनो, आज मी एका प्राण्याच्या वतीने नाही, तर एका प्राण्याच्या अभावाच्या वतीने उभा आहे.’ आवाज कुठे चढवायचा, कुठे पाणी प्यायचं, सगळं पक्कं केलं. मग आत गेलो.

सभा तेव्हा पाचव्या विषयावर होती. रस्त्यावरचे दिवे.

शेजारच्या खुर्चीवरच्या शिंप्याला विचारलं, तळ्याचा विषय कधी? म्हणाला, झाला की, पहिलाच होता. चेअरमननी स्वतःच ठराव मागे घेतला. ट्रकना हमरस्त्यापलीकडची पडीक जागा. तळ्याला पायऱ्या बांधायच्या आणि रोज सकाळी तास दोन तास पोहायला मोकळं ठेवायचं. चर्चा झालीच नाही, सगळ्यांनी हात वर केले.

तळं वाचलं. मी अकरा पानं हातात घेऊन बसलो होतो.

आता उभं राहायचं कारण नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण पुढच्या रांगेतून ही मागे वळून बघत होती. दिव्यांचा विषय संपल्यावर मी उठलो. पहिली दहा पानं खिशात गेली. एवढंच म्हणालो, की तळ्यात ऊद नाही. कधी नव्हता. होतं ते उदमांजर, आणि तेही आमच्या माळ्यावर. माझा शब्द चुकला.

हॉल शांत. मला वाटलं, धक्का बसला.

मग शिंपी म्हणाला, “काका, ते तुमच्या छपरावर चढताना सगळ्या गावाने बघितलंय. तुम्हीच तेवढे तळ्याकडे बघत होता.”

म्हटलं, मग सांगितलं का नाही? दूधवाला छताकडे बघू लागला. शेवटी शाळेच्या बाई म्हणाल्या, “तुम्ही इतके खुशीत होता, काका. आणि तुमच्यामागे आम्हालाही रोज काठावर यायची सवय लागली होती. कोण मोडणार?”

लोक हसले. चेअरमन सगळ्यात मोठ्याने. मीही हसलो, कारण बसलेल्या जागेवरून दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. हसताना हिच्याकडे बघितलं. ती डोळे पुसत होती. भाषण न वाचताच.

सभेच्या वृत्तांतात नोंद झाली ती अशी: ‘सहावा विषय. ऊदकाकांचे भाषण झाले.’ हे चेअरमनचं काम. पंच्याचा सूड.

२ एप्रिल, बुधवार.

‘ऊदकाका’ या नावाला माझी तीव्र हरकत आहे. आज दूधवाल्याने हाक मारली. पाठोपाठ शिंप्याने. पोस्टमन तर पत्र घेऊन दारात उभा राहून पत्त्यावर तेच नाव शोधत होता. नऊ वर्षं गावखबर चालवणारा माणूस, त्याची ही ओळख?

ठराव: यापुढे या नावाने कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. काहीही झालं तरी. वर बघायचंसुद्धा नाही. चार दिवसांत नाव आपोआप विरून जाईल. माणसांची जात मला ठाऊक आहे, आयुष्यभर त्यांना चढवलं आणि उतरवलं आहे.

ठरावाची पहिली परीक्षा दुपारीच झाली. स्वयंपाकघरातून हाक आली, ऊदकाका, पान वाढलंय. ओ दिली नाही. उठून जेवायला गेलो, पण न बोलता.

५ एप्रिल, शनिवार.

ठराव उत्तम चाललाय. आज सकाळपासून सात जणांना ओ दिली नाही. शिंप्याकडे तर मान वळवूनही बघितलं नाही, त्यामुळे त्याच्या दुकानातली छत्री आणायची राहिली.

आत्ता फोन वाजला. पलीकडच्या गावातली कुणी अनोळखी बाई. आवाज घाबरलेला. म्हणाली, आमच्या माळ्यावर दोन दिवस काहीतरी धावतंय, घरात बाळ आहे, काय करावं कळत नाही. वनखात्यात फोन केला तर तिथल्या बाईंनी हा नंबर दिला. म्हणाल्या, त्या भागात माळ्यावरचं ज्यांना कळतं असे एकच आहेत.

मग तिने विचारलं, “ऊदकाका आहेत का?”

मी म्हटलं, “बोलतोय.”